तांबडा सिंह, दोन मानांचा हंस आणि हत्तीवरचा किल्ला

इंग्लंडमधील कोणत्याही जुन्या गावात शिरले की चर्चच्या मनोऱ्याखालोखाल नजरेत भरते ती पबच्या दारावर टांगलेली चित्रांकित पाटी. तिच्यावर कुठे तांबडा सिंह गुरगुरत असतो, कुठे पांढरे हरिण गळ्यात सोन्याचा पट्टा घालून बसलेले असते, कुठे एका हंसाला दोन माना फुटलेल्या असतात, तर कुठे हत्तीच्या पाठीवर अख्खा किल्ला उभा असतो. चित्र असेल तेच त्या पबचे नाव. 'बकरा आणि कंपास', 'बैल आणि तोंड', 'जेरुसलेमची सफर' अशीही नावे आढळतात. ती ऐकून परक्या माणसाला वाटावे की, नाव ठेवणाऱ्याने आधी आपल्याच पिंपातील माल भरपूर चाखला असावा. परंतु या नावांच्या मुळाशी गेले म्हणजे असे दिसते की, ग्रंथांतून ज्यांची फारशी दखल घेतली गेली नाही अशा सामान्य इंग्रज माणसांचा सहाशे वर्षांचा इतिहास या पाट्यांवर रंगाने लिहून ठेवलेला आहे.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. पब हा 'पब्लिक हाऊस' या शब्दांचा संक्षेप. आपल्याकडे 'गुत्ता' हा शब्द उच्चारताच जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते येथे पुरेसे नाही. इंग्रजी खेड्यातील पब म्हणजे मद्यपानाची जागा खरीच; पण त्याबरोबर आपल्या गावचा पार, चावडी आणि धर्मशाळा यांची बरीच कामेही तेथे चालत. सभा भरत, लिलाव होत, मजुरांना काम मिळे, टपालगाड्यांचे घोडे बदलले जात. मद्यपानाचे गुणदोष हा आजचा विषय नव्हे. गावच्या व्यवहाराचे जे केंद्र होते, त्याच्या नावात गावाचे जीवन कसे उतरले, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम पाटी का आली ते पाहू. मध्ययुगातील बहुसंख्य लोक निरक्षर होते आणि घरांना क्रमांक नव्हते. दुकान ओळखायचे ते खुणेवरून. बिअर घरोघरी, बहुधा स्त्रिया, तयार करीत. नवी बिअर विक्रीस सिद्ध झाली की दारावर एक लांब काठी लावून तिच्या टोकाला झुडपाची जुडी बांधण्यात येई. 'बुश', म्हणजे झुडूप, हे पबचे नाव त्या जुडीची आठवण आहे. पुढे १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजाच्या कारकीर्दीत असा हुकूम निघाला की, बिअर विकणाऱ्याने दारावर खूण टांगलीच पाहिजे. न टांगल्यास माल जप्त होईल. या हुकमामागे गिऱ्हाइकाच्या सोयीपेक्षा सरकारची सोय अधिक होती. बिअरची प्रत आणि माप तपासण्यासाठी अधिकारी फिरत असत आणि त्यांना घर चटकन सापडणे आवश्यक होते. म्हणजे आज ज्या पाटीचे आपण कौतुक करतो, तिचा जन्म करवसुली आणि तपासणी यांच्या पोटी झाला आहे. रिचर्डचे स्वतःचे चिन्ह पांढरे हरिण. धन्याच्या मर्जीत राहू इच्छिणाऱ्यांनी तेच दारावर रंगविले. 'व्हाइट हार्ट' नावाचे पब आजही देशभर विखुरलेले आहेत.

अशा खुणा त्या काळी सर्वच दुकानदारांच्या असत. जो तो शेजाऱ्यापेक्षा मोठी पाटी लावू पाही. लंडनच्या अरुंद गल्ल्यांतून या लोखंडी चौकटी वाऱ्यावर करकरत आणि खालच्या वाटसरूंचा उजेड अडवीत. १७१८ साली ब्राइड लेन या गल्लीत अशी एक अवजड पाटी घराच्या दर्शनी भिंतीसह कोसळली आणि चौघे जण ठार झाले. अखेर १७६०च्या दशकात लोंबत्या पाट्या काढून टाकण्याचे कायदे झाले आणि त्याच सुमारास घरांना क्रमांक पडू लागले. कापडवाला, औषधवाला, पुस्तकविक्रेता यांच्या खुणा हळूहळू नाहीशा झाल्या. पबने मात्र आपली पाटी सोडली नाही. प्रवाशाला क्रमांक सांगून पबकडे बोलावता येत नाही. त्याला लांबून दिसणारा सिंह किंवा घंटाच हवी असते.

आता या पाट्यांवर कोण कोण येऊन बसले ते पाहू. पहिला मान अर्थातच सत्तेचा. 'रेड लायन', म्हणजे तांबडा सिंह, हे इंग्लंडमधील अत्यंत प्रचलित नावांपैकी एक. त्याचा संबंध कोणी जॉन ऑफ गाँट या बलाढ्य सरदाराच्या चिन्हाशी जोडतात, तर कोणी १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेल्या स्कॉटलंडच्या जेम्स राजाशी. 'रोझ अँड क्राउन', म्हणजे गुलाब आणि मुकुट, हे नाव १४८५ नंतर स्थिरावलेल्या ट्यूडर घराण्याची आठवण देते. तांबड्या आणि पांढऱ्या गुलाबांच्या दोन घराण्यांतील यादवी तेव्हा मिटली होती. आठव्या हेन्रीने १५३०च्या दशकात रोमच्या पोपशी संबंध तोडले, तेव्हा 'पोपचे मस्तक' हे नाव मिरविणाऱ्यांनी ते पुसून 'राजाचे मस्तक' केले असे सांगतात. राजकारणाचा वारा फिरला की पबचा धनी रंगाऱ्याला बोलावी. सगळ्याच खुणा मात्र पुसल्या गेल्या नाहीत. 'क्रॉस कीज', म्हणजे संत पीटरच्या स्वर्गाच्या किल्ल्या, आणि 'लँब अँड फ्लॅग', म्हणजे पताका धरलेले ख्रिस्तरूपी कोकरू, ही नावे त्या जुन्या धर्मजीवनाची साक्ष अजून देत आहेत.

राजनिष्ठेच्या पाट्यांत 'रॉयल ओक', म्हणजे राजवृक्ष, हिची कथा विशेष रोचक आहे. ३ सप्टेंबर १६५१ रोजी वुस्टरच्या लढाईत क्रॉमवेलच्या सैन्याकडून पराभूत झालेला तरुण चार्ल्स राजा पळाला आणि बॉस्कोबेल येथील एका ओकच्या झाडावर दिवसभर लपून बसला. खाली शत्रूचे शिपाई त्याला शोधीत होते. पुढे १६६० साली तो राजा म्हणून परत आला, तेव्हा त्या झाडाला अमरत्व लाभले. त्याचा लंडनप्रवेशाचा दिवस, २९ मे, १८५९ पर्यंत सरकारी उत्सवाचा दिवस होता. तो उत्सव गेला, पण झाड अजून शेकडो दारांवर हिरवेगार आहे.

राजांच्या खालोखाल येतात ते व्यवसाय. नांगर, गव्हाची पेंढी, लोकरीचा गठ्ठा, घोड्याचा नाल, गवंडी, सुतार या सर्वांच्या नावे पब आहेत. एकेका धंद्यातले लोक ठराविक पबमध्ये जमत. कामाच्या शोधात परगावाहून आलेल्या कारागिराला तेथे आसरा व रोजगाराची बातमी मिळे. लंडनच्या व्यावसायिक श्रेणींची चिन्हे पाट्यांवर आली आणि तेथूनच काही चमत्कारिक नावे जन्मली. 'स्वॉन विथ टू नेक्स', म्हणजे दोन मानांचा हंस, हे त्यांतलेच. थेम्स नदीवरील हंसांची मालकी राजसत्तेखेरीज मद्यविक्रेत्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या अशा दोन श्रेणींकडे परंपरेने चालत आली आहे. दरवर्षी जुलैमध्ये हंस मोजण्याचा सोहळा होतो. पूर्वी मद्यविक्रेते आपल्या हंसाच्या चोचीवर दोन खाचा पाडीत. खाचेला इंग्रजीत 'निक' आणि मानेला 'नेक'. दोन 'निक'चा हंस लोकांच्या जिभेवर दोन 'नेक'चा झाला आणि चित्रकाराने निमूटपणे त्याला दुसरी मान काढून दिली, असा उलगडा सामान्यतः करण्यात येतो.

हत्तीवरच्या किल्ल्याचे कोडे आपणां भारतीयांना सोडविणे सर्वांत सोपे. हत्ती म्हटला की आपल्याला अंबारी आठवते. मध्ययुगीन युरोपातील चित्रकारांपैकी बहुतेकांनी हत्ती पाहिलेला नव्हता. त्याच्या पाठीवर लढवय्यांना बसण्यासाठी लाकडी बुरूज असतो एवढेच त्यांनी वाचले होते. म्हणून त्यांनी चक्क दगडी किल्ला काढला. सुऱ्या-कात्र्या बनविणाऱ्यांच्या श्रेणीने हे चिन्ह स्वीकारले, कारण सुरीच्या मुठीला हस्तिदंत लागे. परंतु दक्षिण लंडनमधील 'एलिफंट अँड कॅसल' या प्रसिद्ध नावाविषयी लोक निराळीच कथा सांगतात: पहिल्या एडवर्डची राणी एलिनॉर ही स्पेनमधील कॅस्टील प्रांताची राजकन्या, 'इन्फांटा द कास्तील' या तिच्या पदवीचा अपभ्रंश म्हणजे 'एलिफंट अँड कॅसल'. कथा मोठी मोहक आहे. पण ही राणी १२९० साली वारली आणि या ठिकाणच्या पबचे नाव अठराव्या शतकाच्या मध्यावर प्रथम भेटते. मधली साडेचार शतके अपभ्रंश कोठे दडून बसला होता, याचे उत्तर कथेजवळ नाही.

अशा कथा अनेक आहेत. 'गोट अँड कंपासेस', म्हणजे बकरा आणि कंपास, हे 'ईश्वर आपणांस सर्व बाजूंनी वेढून आहे' या अर्थाच्या इंग्रजी वचनाचे भ्रष्ट रूप म्हणतात. 'बुल अँड माउथ', म्हणजे बैल आणि तोंड, हे १५४४ साली आठव्या हेन्रीने जिंकलेल्या बूलोन्य बंदराच्या मुखाचे स्मारक म्हणतात. यांना भक्कम पुरावा नाही. नॉटिंगहॅमच्या किल्ल्याखाली खडकात कोरलेला 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' हा पब तर भिंतीवर ११८९ हे साल मिरवितो. धर्मयुद्धाला निघालेले वीर येथे थांबले होते असे सांगण्यात येते. प्रत्यक्षात आजची इमारत सतराव्या शतकातील असून हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस आढळते.

मग या कथा टाकाऊ समजाव्यात काय? तसे म्हणता येणार नाही. आपल्याकडेही गावोगावची स्थलपुराणे नावाच्या अक्षरांना देव किंवा राजा चिकटवून देतात. आपल्या गावचे नाव एखाद्या यःकश्चित सुरीवाल्यापासून आले यापेक्षा एखाद्या राणीपासून आले हे सांगावयास माणसाला आवडते. स्थळाचा मूळ इतिहास अशी कथा सांगत नाही. ती सांगणाऱ्याचे मन मात्र ती उघड करते. उलट, अज्ञानाने नाव कसे बदलते याचा नोंदलेला दाखलाही आहे. चौदाव्या शतकातील चॉसर कवीने आपल्या कँटरबरीच्या यात्रेकरूंना ज्या 'टॅबर्ड' नावाच्या पथिकाश्रमात एकत्र आणले, तो १६७६च्या आगीत जळाला. टॅबर्ड म्हणजे बिनबाह्यांचा अंगरखा. ते वस्त्र प्रचारातून गेले होते. पुन्हा बांधताना दारावर 'टॅल्बट', म्हणजे शिकारी कुत्रा, आला. अंगरख्याचा कुत्रा व्हायला एक पिढीचे विस्मरण पुरले.

यापुढच्या पाट्या आपल्या अधिक जवळच्या आहेत. अठराव्या शतकापासून सेनापतींची नावे दारांवर चढू लागली. 'मार्क्विस ऑफ ग्रँबी' हा त्यांतला लोकप्रिय पुरुष. १७६०च्या वारबुर्गच्या लढाईत घोडदौड करताना त्याची टोपी आणि केसांचा टोप उडाला आणि तो उघड्या टकलाने शत्रूवर तुटून पडला. आपल्या जायबंदी शिपायांना पब काढण्यासाठी तो पैसे देई. १७७० साली तो कर्जबाजारी होऊन वारला. पण त्या शिपायांनी धन्याचे नाव दारावर लावून ऋण फेडले. पदरच्या माणसांनी कृतज्ञतेने लावलेली ही पाटी दरबाराला खूश करण्यासाठी रंगविलेल्या पांढऱ्या हरणाहून फार निराळी आहे.

'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' या नावाचे पबही इंग्लंडभर पसरलेले आहेत. ते वॉटर्लूच्या, १८१५ सालच्या, विजयामुळे. परंतु हा सेनानी घडला तो महाराष्ट्राच्या मातीवर. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावी, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी त्याची गाठ पडली. मराठी तोफखान्याने इंग्रजांची भयंकर हानी केली. रणांगणावरील आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतल्याचे नमूद आहे. ग्वाल्हेरच्या वाचकांना हे सांगावयास नको की, तेथे धारातीर्थी पडलेल्या शिंद्यांच्या गोलंदाजांच्या नावे कोणतीही पाटी कोठे टांगलेली नाही.

'जनरल हॅवलॉक' ही तशीच दुसरी पाटी. जुलै १८५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याचा पराभव करून कानपूर घेणारा हाच तो हॅवलॉक. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला तो लखनौला मरण पावला आणि इंग्लंडमध्ये त्याच्या नावाचे पब निघाले. यातील विनोद असा की, हॅवलॉक कट्टर धर्मनिष्ठ असून शिपायांना दारूपासून परावृत्त करण्यासाठी आयुष्यभर झटला होता. आपल्याकडे अंदमानातील हॅवलॉक बेटाचे २०१८ साली स्वराजद्वीप असे नामांतर झाले. एकाच माणसाचे नाव एका देशात पाटीवर राहते आणि दुसऱ्या देशात नकाशावरून उतरते, यात कोणालाही आश्चर्य वाटू नये.

राजे आणि सेनापती यांच्या गर्दीत सामान्य माणूस कोठे आहे? तो 'फाइव्ह ऑल्स', म्हणजे 'पाच सर्व', या पाटीवर आहे. तीवर पाच चित्रे असतात. राजा म्हणतो, मी सर्वांवर राज्य करतो. धर्मगुरू म्हणतो, मी सर्वांसाठी प्रार्थना करतो. वकील म्हणतो, मी सर्वांची बाजू मांडतो. शिपाई म्हणतो, मी सर्वांसाठी लढतो. आणि शेवटचा शेतकरी म्हणतो, मी सर्वांचे पैसे भरतो. राज्यव्यवस्थेवरील याहून नेमके भाष्य एवढ्याशा फळीवर करणे कठीण.

लंडनच्या मेफेअर या श्रीमंत वस्तीतील एका पबचे नाव होते 'आय अॅम द ओन्ली रनिंग फुटमन', म्हणजे 'धावणारा हुजऱ्या आता मीच एकटा'. सरदारांच्या गाडीपुढे गणवेश घालून, हातात उंच काठी आणि रात्री मशाल घेऊन धावणाऱ्या नोकरांचा एक वर्ग होता. रस्ते सुधारले, गाड्या वेगाने धावू लागल्या आणि त्या पायांची गरज संपली. आपल्या पालखीपुढील हुजऱ्यांसारखीच ही माणसे इतिहासातून निघून गेली. त्यांच्या धंद्याचे नाव तेवढे पाटीने सांभाळले.

आणि पूर्व लंडनमधील 'विडोज सन', म्हणजे विधवेचा मुलगा, याची कथा ऐकावी. या ठिकाणी एका विधवेची झोपडी होती असे सांगतात. तिचा एकुलता मुलगा खलाशी होता. गुड फ्रायडेला परत येईन, माझ्यासाठी गोड पाव ठेव, असे तो सांगून गेला. तो आला नाही. म्हातारीने दरवर्षी त्या दिवशी एकेक पाव राखून ठेवला आणि जुने पाव जाळीत टांगले. १८४८ साली तेथे पब बांधला गेला, आणि त्या दिवशी खलाशाने जाळीत एक नवा पाव टाकावयाचा अशी वहिवाट पडली. कथेतला प्रत्येक तपशील खरा असेलच असे नाही. पण बंदराच्या त्या वस्तीत समुद्रावरून न परतलेले मुलगे आणि वाट पाहणाऱ्या आया होत्या, याविषयी कोणाला शंका येईल?

सर्वच पाट्या अशा हृद्य नाहीत. 'क्वायट वुमन', म्हणजे शांत स्त्री, या पाटीवर मस्तक नसलेली बाई असते. मस्तक गेले म्हणून ती गप्प, हा विनोद. पबमध्ये बसणारे बहुतेक पुरुष होते, हे ही पाटी न सांगता सांगते. 'ब्लॅक बॉय' या नावाचा वाद अधिक खोल आहे. सावळ्या वर्णाच्या दुसऱ्या चार्ल्सचे ते टोपणनाव, असा एक पक्ष. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी मुलांची ती आठवण, असा दुसरा. ग्रीन किंग या मोठ्या मद्यकंपनीने २०२१ साली अशा नावांचे तीन पब आणि 'ब्लॅक्स हेड' नावाचा एक, अशा चार पबांची नावे बदलण्याचे जाहीर केले. या कंपनीच्या संस्थापकाचे कॅरिबियन बेटांत गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते आणि त्याबद्दल कंपनीने २०२० साली क्षमा मागितली होती. स्थानिकांपैकी काहींनी विरोध केला. इतिहास पुसला जातो, असे ते म्हणाले.

या वादात एक गोष्ट विसरता कामा नये. पबची नावे कधीच अचल नव्हती. पोपचा राजा झाला, अंगरख्याचा कुत्रा झाला. प्रत्येक पिढीने आपल्या दारावर कोणाला टांगावयाचे ते स्वतः ठरविले. खरी हानी निराळ्या मार्गाने होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या कंपन्यांनी शेकडो पब विकत घेऊन त्यांना गंमत म्हणून एकाच साच्याची नावे दिली. कित्येक पब तर कायमचे बंद झाले. अशा ठिकाणी विचारपूर्वक काही पुसले जात नाही. विचारच केला जात नाही.

मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविचमध्ये 'सेम येट' नावाचा एक पब आहे. पूर्वी त्याचे नाव 'सात तारे' होते असे सांगतात. पाटी फिकट झाली तेव्हा रंगाऱ्याने विचारले, काय लिहू? धनी म्हणाला, तेच पुन्हा. रंगाऱ्याने 'तेच पुन्हा' असेच लिहून टाकले आणि ते कायम झाले.

लंडनच्या भुयारी रेल्वेने प्रवास करणाऱ्यास आजही 'एंजल', 'रॉयल ओक', 'एलिफंट अँड कॅसल', 'स्विस कॉटेज' ही स्थानके लागतात. ही सर्व मुळात पबांची नावे. रोज सहस्रावधी माणसे तेथे चढतात-उतरतात. त्यांतील अनेकांनी त्या पबचा उंबरठा कधी ओलांडलेला नाही, कित्येकांच्या धर्मात मद्य निषिद्ध आहे. तरीही घरी परतण्याची वाट विचारताना ते झाडावर लपलेल्या राजाचे आणि किल्ला वाहणाऱ्या हत्तीचे नाव घेतात. निरक्षर वाटसरूला वाट दाखविण्यासाठी ही नावे दारावर आली होती. ते काम ती अद्यापि करीत आहेत.